गोफाची उकल

झाशीला आमची बदली झाली तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, दोन मुलांची आई होते, आणि नाचाशी माझा संबंध वरातीपुरताही आलेला नव्हता. वरातीत मी कायम मागे, दागिन्यांची पेटी पोटाशी धरून चालणाऱ्यांतली. त्यामुळे शेजारची दौंडवाली एकदा म्हणाली की मराठी मंडळात गोफाला एक बाई कमी पडतेय, गुरुवारपासून ये, तेव्हा मला वाटलं दोर धरून ठेवायला कुणीतरी हवं असेल. मी हो म्हणून टाकलं. हो म्हणायचं आणि मग विचार करायचा ही माझी जुनी खोड आहे.

दौंडवाली हे काही तिचं नाव नव्हे. रेल्वे कॉलनीत आम्हा बायकांना नावं नसायचीच म्हणा ना. नवरा ज्या स्टेशनाहून बदलून आला ते स्टेशन बायकोला चिकटायचं. ही गार्डाची बायको दौंडवाली, बडे बाबूंची बायको कल्याणवाली, मी भुसावळवाली. कुणाची पुढे बदली झाली की ती नव्या गावी झाशीवाली होऊन बसायची. माझ्या आधी गोफात जी होती ती खांडवावाली, तिच्या नवऱ्याला इटारसीची ऑर्डर आली आणि गोफ सात बायकांवर आला. सात बायकांचा गोफ होत नाही. म्हणून मी.

खरं सांगायचं तर मला माणसांची भूक लागली होती. नवरा मालगाडीचा ड्रायव्हर, दोन दोन दिवस लाइनवर. मुलं शाळेत जायला लागल्यापासून आपसात हिंदीत भांडायची आणि मला अम्मा म्हणायला लागली होती. भाजीवालीशी, दूधवाल्या भैयाशी, शाळेतल्या बहनजींशी सगळं हिंदीत चालायचं. आठ महिन्यांत माझं मराठी बोलणं नवऱ्याशी आणि देवाशी, आणि दोघंही फारसं उत्तर देणारे नव्हेत.

मंडळाचा हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली लांबट खोली, यार्डापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या तुळईला एक लोखंडी कडी आणि त्या कडीला आठ रंगांचे आठ सुती दोर. खाली आठ जणी गोल करून उभ्या. चौघींची तोंडं एका बाजूला, चौघींची दुसऱ्या. समोरून येणाऱ्या पहिलीच्या आतून जायचं, दुसरीच्या बाहेरून, मग पुन्हा आतून. पाय तालात, हात वर, दोर ताणलेला. असं चालत राहिलं की कडीपासून वेणी विणली जात खाली येते. ती पुरेशी लांब झाली की सगळ्यांनी एका गिरकीत तोंडं फिरवायची आणि पावलापावलानं तीच वेणी उकलायची. बघणाऱ्याला विणणं सुंदर वाटतं, पण गोफाची परीक्षा उकलण्यात. विणताना झालेली चूक विणीत लपून बसते आणि उकलताना तिची गाठ होते.

हे सगळं शिकवायच्या आत्याबाई. त्या आमच्यासारख्या रेल्वेवाल्या नव्हेत, शहरातल्या जुन्या भिक्षुकी घरातल्या. त्यांच्याकडचे लोक महाराष्ट्रातून कधी आले ते त्यांच्या सासऱ्यांनाही धड सांगता यायचं नाही. आत्याबाई स्वतः महाराष्ट्रात एकदाच गेल्या होत्या, पुण्याला एका लग्नात, आणि तिथलं मराठी फार भरभर बोलतात म्हणून दोन दिवस आधी परत आल्या होत्या. त्यांचं मराठी निराळंच होतं. ‘अंमळ थांब’, ‘हे बरीक खरं’ असं म्हणायच्या, आणि रिक्षावाल्याशी वळून अस्सल बुंदेलीत भांडायच्या. वय सदुसष्ट. सायकलरिक्षातून उतरताना गुडघ्यावर हात ठेवायच्या, पण दोर हातात आला की त्यांचे पाय आमच्या सगळ्यांच्या पायांपेक्षा हलके पडायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला हिरवा दोर दिला आणि मंडळाचा एकच नियम सांगितला. चूक झाली की जिची झाली तिनं तिथल्या तिथं मोठ्यानं ‘माझी’ म्हणायचं. सगळ्यांनी पाय थांबवायचे. आत्याबाई विचारणार, ‘कुठं?’ चुकलेलीनं सांगायचं, दौंडवालीच्या आतून गेले, किंवा काय असेल ते. मग सगळ्यांनी तेवढी पावलं मागे घ्यायची आणि पुन्हा चालू. कुणी हसायचं नाही, कुणी कारण विचारायचं नाही. हसायचं ते नंतर, चहाच्या वेळी.

पहिल्या दिवशी मी किती वेळा ‘माझी’ म्हटलं ते सांगत नाही. इतकंच की कल्याणवाली, जी मंडळाची सेक्रेटरी होती आणि जिच्या मनगटावर घड्याळ होतं, ती सारखी घड्याळाकडे बघत होती. मला डावं-उजवं कळतं, पण थोडं थांबून कळतं. गोफात थांबायला वेळ नसतो. शिवाय मला चूक झाली की राग येतो, आणि तो नेहमी समोरच्यावर येतो. दौंडवालीला मी त्या दिवशी दोनदा ऐकवलं की तूच जास्त जवळून येतेस. ती बिचारी दुसऱ्या टोकाला होती.

सरावानंतर आत्याबाई पदराची गाठ सोडायच्या. त्यात भाजलेले दाणे असायचे. सगळ्यांना चिमूटभर आणि सगळ्यांत जास्त चुकलेलीला मूठभर, कारण तिचे पाय जास्त चाललेले असतात, असा त्यांचा हिशेब. पहिले दोन महिने मी दाणे घरी मुलांसाठी बांधून न्यायची. मुलं विचारायची, अम्मा, आज भी हार गईं? मग मी त्यांचं हिंदी सुधारायच्या ऐवजी मराठीत त्यांच्यावर ओरडायची.

घरी मी रोज सराव करायची. स्वयंपाकघरात पाण्याच्या चार घागरी गोल मांडायच्या आणि त्यांच्यातून आत-बाहेर चालायचं. नवरा ड्यूटीवरून येऊन जमिनीवर आडवा झालेला असला की त्याच्याही आतून-बाहेरून. एकदा त्यानं झोपेतच विचारलं की हे काय चाललंय, शंटिंग का. मी म्हटलं हो, गप्प पडून राहा. तो गप्प पडून राहिला. तसा माणूस समजूतदार.

श्रावण लागेपर्यंत मला जमायला लागलं होतं. एका सोमवारी घरी येताना लक्षात आलं की आज आपण एकदाही ‘माझी’ म्हटलेलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मग मी मोजायलाच लागले. पंधरा दिवस झाले. आत्याबाईंनी मला चिमूटभर दाणे दिले तेव्हा मला कुणी शालजोडी दिल्यासारखं वाटलं. कल्याणवाली सगळ्यांसमोर म्हणाली की या वर्षी गणपतीत गोफ भुसावळवालीमुळे उभा राहतोय. त्या दिवसापासून मी जरा डोक्यावरच बसले. सराव बघायला येणाऱ्या मुलींना मी पाय कसा टाकायचा ते दाखवायला लागले, कुणी विचारलेलं नसताना.

आता जे सांगायचं त्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. तेव्हा इंजिनं वाफेची होती आणि प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वाजवायची आपापली तऱ्हा असायची. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. माझा नवरा यार्डात शिरताना एक लांब द्यायचा, मग किंचित थांबून एक आखूड, आणि त्या आखूड शिट्टीच्या शेपटीला जरा मुरड. ती ऐकली की मी भाताचं आधण ठेवायची. इंजिन शेडमध्ये सोडून, सही करून, हातपाय धुऊन तो घरी पोचायचा तोवर भात तयार. कॉलनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या बायकांना आपापली शिट्टी ओळखू यायची. बोलून कुणी दाखवायचं नाही, एवढंच.

गणपतीला दोनच आठवडे राहिले होते. सोमवारची दुपार. नवरा दोन दिवसांसाठी म्हणून कानपूरच्या बाजूला गेला होता आणि तिसरा दिवस उजाडला तरी आला नव्हता. हे नेहमीचंच, पण नेहमीचं असलं तरी मनात एक कोपरा जागाच असतो. गोफ निम्मा विणून झाला होता. पाचवी फेरी चालू होती. समोरून आत्याबाई पिवळा दोर घेऊन येत होत्या. आणि खिडकीतून ती शिट्टी आली, लांब, मग आखूड, मग मुरड.

मी आत्याबाईंच्या बाहेरून जायचं ते आतून गेले.

मला तत्क्षणी कळलं. ‘माझी’ हा शब्द ओठांवर आलाही होता. पण ‘कुठं’ म्हटल्यावर सांगावं लागलं असतं, आणि नियम काहीही असो, चहाच्या वेळी का चुकलीस ते या बायकांनी काढून घेतलंच असतं. नवऱ्याची शिट्टी ऐकून भुसावळवालीचे पाय लटपटले. हे त्यांनी मला जन्मभर ऐकवलं असतं. शिवाय माझे पंधरा दिवस. मी पुढचं पाऊल बरोबर टाकलं, त्याच्या पुढचंही. वर बघितलं तर वेणीत काही दिसत नव्हतं. मला वाटलं, जिरली.

गोफ पूर्ण झाला. आत्याबाई थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या की यंदा पहिल्यानं एकदाही ‘माझी’ न येता गोफ विणला. सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या, पण हातात दोर असल्यानं त्या नीट वाजल्या नाहीत. मग गिरकी घेतली आणि उकलायला सुरुवात झाली. पहिल्या फेऱ्या सुटल्या. मग दोर आवळला. आठही जणी मध्याकडे ओढल्या गेलो. वर बघितलं तर बाकीचे सहा दोर मोकळे होऊ पाहत होते आणि त्यांच्या मधोमध हिरवा आणि पिवळा एकमेकांत गुरफटून बसले होते.

कुणाची, असं कल्याणवालीनं विचारलं.

म्हणजे माझी किंवा आत्याबाईंची. तिसरी कुणाची असूच शकत नव्हती. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, त्या नुसतं विचारत होत्या. मी गाठीकडे बघत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. गेला असेल एखादा श्वास. पण तेवढ्यात मला बोलता आलं असतं.

‘मग माझीच असेल,’ आत्याबाई म्हणाल्या. नेहमी त्या विचारायच्या, ‘कुठं?’ आता त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. त्याच पुन्हा म्हणाल्या, ‘कुठं ते बरीक आठवत नाही.’

गाठ सोडवायचा प्रयत्न झाला, पण चूक कुठं झाली ते माहीत नसल्यावर गोफ सुटत नाही, जास्तच आवळतो. शेवटी दोर तसेच वर गुंडाळून बांधून ठेवले. त्या दिवशी दाणे वाटायचे राहिले. आत्याबाई रिक्षात बसताना भाड्यावरून भांडल्या नाहीत. मी घरी आले तेव्हा नवरा ओट्याशी उभा राहून पोहे भिजवत होता, कारण त्या दिवशी आधण ठेवलेलं नव्हतं.

गुरुवारी त्या आल्या नाहीत. सुनेनं निरोप धाडला, अम्माजी की तबीयत ठीक नहीं. पुढच्या सोमवारीही नाही. कल्याणवाली म्हणाली की वय झालंच आहे, आपण किती दिवस ओढणार, माझी भाची कॉलेजातून येते ती पिवळा दोर धरेल, आणि या गाठीला कात्री लावून नवे दोर आणू. सगळ्या हो म्हणाल्या. मीही मान हलवली. दौंडवालीनं घरी जाताना मला आत्याबाईंच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. त्या ग्वाल्हेरला होत्या. शेवटच्या वर्षांत त्यांना काही आठवेनासं झालं. आधी भाजीत तीन वेळा मीठ पडायला लागलं, मग पोटच्या मुलाला विचारायला लागल्या, आप कौन? आत्याबाईंनी त्यांचं सगळं केलं होतं, चार वर्षं. ‘आत्याबाईंना तीच धास्ती आहे गं,’ दौंडवाली म्हणाली, ‘हातपाय गेले तरी चालतील म्हणतात, डोकं नको.’

मी घरी आले आणि भांडी घासायला घेतली. स्वच्छ भांडी पुन्हा घासली. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं, म्हणजे सांगितलं कसलं, त्याच्यावर तोंड सोडलं. कुणी सांगितलं होतं ती शेपटी लावायला? बाकीचे ड्रायव्हर सरळ शिट्टी वाजवत नाहीत का? तो आधी खुशीत हसला, शिट्टी इतकी लागू पडते हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. मग आत्याबाईंपर्यंत गोष्ट आली आणि त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, लाइनवर सिग्नल चुकला आणि ड्रायव्हर गप्प बसला की चौकशीत फायरमन भरडला जातो. मी म्हटलं मला लाइनवरचं सांगू नको. तो म्हणाला, बरं, नाही सांगत. ताट उचलताना एवढंच म्हणाला, ‘उद्या मी घरी आहे. मुलांना मी बघतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहरात गेले. आत्याबाईंचं घर म्हणजे बाजाराच्या गल्लीतला वरचा मजला, दोन खोल्या आणि गच्ची. सून शाळेत शिकवायला गेली होती, मुलगा कचेरीत. आत्याबाईंनी दार उघडलं आणि मला बघून इतक्या हरखल्या की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. ये, बस, चहा टाकते. मी म्हटलं मी टाकते. नको म्हणाल्या, मला टाकू दे.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. स्टोव्हच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं. ‘दूध उतरवलं.’ ‘स्टोव्ह बंद केला.’ ‘मीठ घातलं.’ ‘देवापुढचा दिवा.’ प्रत्येकासमोर आजच्या सकाळच्या खुणा, आणि खाली कालच्या, परवाच्या, पुसून पुसून भिंत पांढुरकी झालेली. आत्याबाईंनी चहात साखर घातली, वळून भिंतीकडे बघितलं, तिथं साखरेचं काही लिहिलेलं नव्हतं. मग कपातला चहा चमच्यावर घेऊन चाखला. माझ्या लक्षात येतंय हे त्यांच्या लक्षात आलं. जरा ओशाळून म्हणाल्या की खात्री केलेली बरी, घरात लहान मूल आहे. सकाळी उठल्यावर भावंडांची, भाच्यांची, सगळ्या गोफवाल्यांची नावं मनात म्हणून बघते असंही सांगितलं. काल एक भाचा आठवायला वेळ लागला. रात्रभर झोप नाही. मुलगा पुढच्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

मी येताना रिक्षात सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी तब्येतीची चौकशी, मग गोफाचा विषय, मग माफी. त्यातलं काहीच आठवेना. तोंडातून एकच शब्द निघाला.

‘माझी,’ मी म्हटलं.

त्यांना आधी कळलं नाही. कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग सवयीनं, अगदी हॉलमध्ये विचारायच्या तसं त्यांनी विचारलं, ‘कुठं?’

‘पाचव्या फेरीला. तुमच्या बाहेरून जायचं ते आतून गेले. मला तेव्हाच कळलं होतं.’ आणि मग शिट्टीचंही सांगितलं, तिसऱ्या दिवसाचं, आधणाचं, सगळं. सांगताना मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ दे पोरी, होतं असं. त्या तसल्या बाई होत्या, दाणे वाटणाऱ्या. पण त्यांचा चेहरा लाल झाला. तो राग मी त्यांच्याकडून कधी बघितला नव्हता.

‘आठ दिवस,’ त्या म्हणाल्या. ‘आठ दिवस मी रोज स्वतःला तपासतेय. नातवाला उचलून घ्यायची मला भीती वाटते, कुठं ठेवला ते विसरले तर. चुकलीस त्याचं मला काही नाही. पण मी उभी होते ना तुझ्यासमोर?’

त्या गच्चीत गेल्या, कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली भाजीची गाडी ओरडत जात होती. बराच वेळ त्या पाठमोऱ्या होत्या आणि मी त्या भिंतीकडे बघत बसले होते. आत आल्या तेव्हा आवाज नेहमीचा झाला होता. विचारलं, गाठ कापली का? मी म्हटलं परवा, गुरुवारी कापणार आहेत. म्हणाल्या, ‘कापू देऊ नको. मी येते.’ भिंतीवरचं पुसू का, असं मी विचारलं. त्या अंमळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, राहू दे, आज नको.

गुरुवारी कल्याणवाली कात्री घेऊन आली होती. भाची पिवळ्या दोराखाली उभी होती, गुळगुळीत केसांची, बिचारीचा काही दोष नव्हता. मी सगळ्यांसमोर सांगितलं. शिट्टीसकट. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर थांबलेच असते. कुणी हसलं नाही. चहाची वेळ अजून झाली नव्हती, म्हणून असेल. कल्याणवालीनं कात्री पर्समध्ये टाकली आणि भाचीला म्हणाली, तू इकडे बस, बघून ठेव. आत्याबाई आल्या, दारातच चप्पल काढली आणि कुणाशी न बोलता पिवळा दोर हातात घेतला.

आम्ही हळूहळू उकलायला लागलो. मी आधी सांगितलं तेच पुन्हा सांगत होते, पाचवी फेरी, आत्याबाईंच्या आतून. गाठीशी पोचलो तेव्हा बाकीच्या सहा जणी जागच्या जागी थांबल्या. मी ते चुकलेलं पाऊल तसंच्या तसं उलटं टाकलं, आत्याबाईंच्या आतून, मागे. इतक्या वेळा मनात टाकलं होतं ते की पाय आपोआप गेला. हिरवा सैल पडला, पिवळा सुटला आणि दोन्ही दोर आपापल्या जागी आले. दौंडवालीनं मोठा श्वास सोडला.

आता गोफ सरळ होता, चार फेऱ्यांचा. कुणीही उकलला असता. पण आत्याबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या की तुम्ही कुणी मोजू नका, बोलू नका, मी सांगते. मग त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटून त्या एकेकीला पाऊल सांगायला लागल्या. दौंडवाली बाहेरून. कल्याणवाली आतून. भुसावळवाली बाहेरून. आठ जणींची प्रत्येकीची प्रत्येक फेरी, कोण कुठं आहे, पुढे कुणाशी गाठ पडणार, न बघता. आवाज आधी कापत होता. दुसऱ्या फेरीपासून कापायचा थांबला. आम्ही त्या सांगतील तसं चालत होतो आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते की हिचं एकही पाऊल चुकू देऊ नको, माझी सगळी चुकू देत.

शेवटची फेरी सुटली. आठ दोर कडीपासून सरळ खाली आले, एकमेकांपासून मोकळे. आत्याबाईंनी डोळे उघडून वर बघितलं, एकेक दोर बघितला, पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली.

‘अगं, मला सगळं आठवतंय,’ त्या म्हणाल्या, आणि उभ्याच्या उभ्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.